नाताळचा खाऊ आणि साखरेचा हिशोब

डिसेंबरच्या अंकासाठी आलेली निम्म्याहून अधिक पत्रे यंदा नाताळच्या कुकीज, केक आणि फराळाविषयी आहेत. काही पत्रे कॅम्प, वानवडी आणि गुरुवार पेठेतील ख्रिस्ती कुटुंबांकडून आली आहेत. बरीचशी मात्र अशा घरांतून आली आहेत, जिथे नाताळ हा घरचा सण नसला तरी मुलांची सुट्टी, शेजारधर्म किंवा परदेशातून येणाऱ्या लेकीसुना यांमुळे त्या आठवड्यात ओव्हन तापतोच. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच विचारणा आहे: मैद्याऐवजी काय घ्यावे, साखरेऐवजी काय घ्यावे आणि लोण्याऐवजी काय घ्यावे. जिन्नस बदलण्याकडे आपले लक्ष जितके असते, तितके ते प्रमाणाकडे आणि आकाराकडे नसते, असे मला ही पत्रे वाचताना सतत वाटत राहिले. म्हणून पुढील उत्तरांत वजने आणि मापे थोडी अधिक आली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी आणि दोन नातवंडे नाताळच्या सुट्टीत येणार आहेत. यजमानांची साखर सीमारेषेवर आहे, त्यामुळे मी सरावासाठी मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ आणि निम्मेच तूप घेऊन कुकीज केल्या. गुळाचे पाणी करून त्यात कणीक मळली. कुकीज इतक्या कडक झाल्या की यजमानांना चहात बुडवूनही चावेनात. माझे काय चुकले? आणि कणीक व गूळ घातल्यावर त्या यजमानांना चालतील ना?
— एक वाचक भगिनी, कोथरूड

उत्तर: आपल्या कुकीज कडक का झाल्या, याचे कारण आपल्या पत्रातच आहे. कणकेला पाणी लागले आणि ती मळली गेली की गव्हातील प्रथिनांचे, म्हणजे ग्लूटेनचे, जाळे तयार होते. पोळीला ते जाळे हवेच असते, कारण त्याशिवाय पोळी लाटता येत नाही आणि फुगतही नाही. कुकीला मात्र ते नको असते. तूप पिठाच्या कणाकणाला वेढते आणि पाण्याला आत शिरू देत नाही, म्हणूनच मोहन नीट पडलेली करंजी खुसखुशीत होते. आपण तूप निम्मे केले, त्याच्या जागी पाणी घातले आणि वर ते मळले. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर ओव्हनमधून गोड, कडक पुरीच बाहेर येणार. शिवाय कणकेतील कोंडा पाणी सावकाश शोषतो, त्यामुळे सुरुवातीला सैल वाटणारा गोळा अर्ध्या तासात कोरडा पडतो आणि आपण पुन्हा पाण्याचा हात लावतो.

माझ्या लहानपणी पुण्यातील कित्येक घरांत दिवाळीपूर्वी आणि नाताळापूर्वी नानकटाई बेकरीच्या भट्टीवर भाजून आणण्याची पद्धत होती. घरून रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप न्यायचे, तिथल्या परातीत कालवायचे आणि पत्र्यांवर लावून, नावाची चिठ्ठी टोचून, भट्टीवाल्याच्या हवाली करायचे. आई तिथे बसून तळहाताने तूप फेसत असे. थंडीने रवाळ झालेले पिवळसर तूप हळूहळू पांढरे होत जाई, मग त्यात पिठीसाखर पडे आणि पुन्हा फेसणे सुरू होई. बोटाने उचललेल्या तुपाचा शेंडा ताठ उभा राहिला की मगच पीठ त्यात जाई. पीठ गेल्यावर मात्र ती मळत नसे, नुसत्या बोटांनी गोळा करून घेत असे. पाण्याचा तर ती थेंबही पडू देत नसे. त्या फेसण्यात तुपात हवा कोंडली जाते आणि कुकीला हलकेपणा येतो. पीठ कोणतेही घ्या, ही पायरी गाळून चालत नाही.

आपल्यासाठी मी असे प्रमाण सुचवते. कणीक १५० ग्रॅम, नाचणीचे पीठ ५० ग्रॅम, घट्ट रवाळ तूप १०० ग्रॅम, गुळाची कोरडी पावडर ८० ग्रॅम, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ आणि तितकीच दालचिनी. नाचणीचे पीठ आधी मंद आचेवर पाच मिनिटे कोरडे भाजून पूर्ण गार करावे, म्हणजे त्याचा कच्चा वास जातो. तूप आणि गूळ आठ-दहा मिनिटे फेसावे, सगळी कोरडी सामग्री चाळून त्यात मिसळावी आणि गोळा जमेना तरच दूध एकेक चमचा घालावे. दोन ते तीन मोठे चमचे पुरतात. गोळा झाकून अर्धा तास थंड जागी ठेवावा, म्हणजे कोंड्याला ओलावा शोषायला वेळ मिळतो आणि नंतर कुकी रेतीसारखी लागत नाही. त्याचे चोवीस समान गोळे करून, किंचित दाबून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर सोळा ते अठरा मिनिटे भाजाव्यात. बाहेर काढताना त्या मऊच असतात. गार झाल्यावर त्या खुसखुशीत होतात, म्हणून मऊ दिसल्या तरी पुन्हा ओव्हनमध्ये ढकलू नयेत. नाचणीचे प्रमाण याहून फार वाढवू नये, कारण तिच्यात ग्लूटेन नसल्याने कुकी उचलताना भुगा होतो.

रंगाबाबत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. गुळामुळे कुकी साखरेच्या कुकीपेक्षा लवकर तांबूस होते. पिठाचे पदार्थ १२० अंशांच्या वर कोरड्या उष्णतेत भाजले जात असताना त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे नको असलेले रसायन तयार होते आणि पदार्थ जितका काळपट होत जाईल तितके ते वाढत जाते. म्हणून सोनेरी रंगावर थांबावे. उलथन्याने एक कुकी उचलून तळ पाहावा. तळाची कड सोनेरी झाली की पत्रा बाहेर काढावा.

आता यजमानांविषयी. गूळ घातला म्हणून कुकी मधुमेहाला चालेल, हा समज मी आपल्याला मनापासून सोडून द्यायला सांगेन. गुळाचा मोठा भाग साखरच असतो, कॅलरी साखरेच्या जवळपास तितक्याच असतात आणि रक्तातील साखर तोही वाढवतो. गुळातील लोहाचे कौतुक फार होते, परंतु हिशोब करून पाहा. १०० ग्रॅम गुळात साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह असते आणि आपल्या एका कुकीत सव्वातीन ग्रॅमच्या आसपास गूळ येतो, म्हणजे लोह मिळाले जेमतेम ०.१५ मिलिग्रॅम. भारतातील प्रौढ स्त्रीसाठी रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. गूळ चवीसाठी अवश्य घालावा, खमंगपणा त्याने येतोच, पण औषध म्हणून नव्हे. कणीक आणि नाचणीचा फायदा खरा आहे. मैद्यात १०० ग्रॅमला तीन ग्रॅमहून कमी तंतू असतात, कणकेत आणि नाचणीत ते अकरा ग्रॅमच्या आसपास असतात. नाचणीत कॅल्शियमही १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असते.

वरच्या प्रमाणात एका कुकीत सुमारे ७५ ते ८० कॅलरी आणि चार ग्रॅमहून थोडे अधिक तूप येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार बाहेरून घातलेल्या साखरेचे प्रमाण एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असावे आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत राहावे. प्रौढ माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम होतात. दोन कुकीज म्हणजे साडेसहा ग्रॅम गूळ झाला. यजमानांनी जेवणानंतर दोन कुकीज घेतल्या आणि त्या दिवशी दोन्ही चहा बिनसाखरेचे घेतले, तर हिशोब जमतो. चहाही गोड आणि डबाही उघडा, असे झाले तर नाचणी काहीच करू शकणार नाही.

प्रश्न: आमच्या घरी नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, कलकल आणि साच्याच्या गुलाब कुकीज. सारे तळणीचे. यंदा सासूबाईंना हृदयविकाराचा त्रास झाल्यामुळे डॉक्टरांनी तळलेले आणि डालडा बंद करायला सांगितले आहे. हे पदार्थ बेक करता येतात का? सासूबाईंना त्यांच्या हातचा फराळ ताटात दिसला नाही तर फार वाईट वाटेल.
— एक वाचक भगिनी, वानवडी

उत्तर: आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तर त्याच अंगाने देते. फराळाचे ताट तसेच राहू द्या, फक्त त्यातील दोन पदार्थ ओव्हनकडे वळवा, एक कमी करा आणि एक तळणीचाच ठेवा.

करंजी बेक केलेली चांगली होते. पारीसाठी निम्मी कणीक आणि निम्मा रवा घ्यावा आणि मोहन नेहमीपेक्षा थोडे सढळ घालावे, कारण तळताना मिळणारे तेल इथे मिळणार नसते. पारी दुधात भिजवावी आणि लाटताना ती पातळच असावी. जाड पारी बेक केल्यावर वातड लागते. भरलेल्या करंजीवर दुधाचा हात फिरवून १८० अंशांवर अठरा ते वीस मिनिटे ठेवावी आणि मध्ये एकदा उलटावी. सारणात खोबरे, खसखस, तीळ आणि बेदाणे असल्याने पिठीसाखर नेहमीच्या दोन-तृतीयांश घातली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तळलेल्या करंजीसारखे बारीक फोड तिच्यावर येणार नाहीत, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवावे.

कलकलही बेक होतात. पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या किंवा नव्या, स्वच्छ फणीच्या पाठीवर दाबून गुंडाळायची आणि पत्र्यावर सुटी सुटी पसरून १७० अंशांवर पंधरा मिनिटांच्या आसपास भाजायची. एरवी कलकल तळून वर साखरेच्या पाकात घोळवतात. तो पाक पूर्ण गाळावा आणि गोडी पिठातच, बेताची ठेवावी. हे वळण्याचे काम बैठे आणि हलके असते, त्यामुळे सासूबाईंना ते करवत असेल तर ते त्यांच्याकडेच द्यावे. फराळ त्यांच्या हातचाच राहील. शंकरपाळे मात्र बेक केल्यावर मला कधी मनासारखे झाले नाहीत. ते यंदा गाळले तरी ताट उणे दिसणार नाही.

गुलाब कुकीजना ओव्हनचा पर्याय नाही. गरम साचा पातळ पिठात बुडवून तो तेलात सोडल्यावरच त्यांची पाकळी सुटते. त्या थोड्याच कराव्यात, ताज्या तेलात तळाव्यात, कागदावर निथळू द्याव्यात आणि तळणीचे उरलेले तेल पुन्हा तळणीला वापरू नये. सासूबाईंना त्यांतली एखादी द्यावी की नाही, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

डालड्याबद्दल डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्य आहे. वनस्पती तूप तयार करताना तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केले जाते आणि त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होऊ शकते. ट्रान्स फॅटमुळे रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले कमी होते, असा दुहेरी अपाय होतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपांतील औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ट्रान्स फॅट कमी झाले म्हणजे तो पदार्थ हृदयाला हितकर झाला, असे होत नाही. त्यातील संपृक्त मेद तसेच राहतात, आणि घरच्या साजूक तुपातही ते असतातच. म्हणून सासूबाईंसाठी करंजीच्या मोहनात शेंगदाण्याचे किंवा करडईचे कडकडीत तेल घालावे. तेलाच्या मोहनानेही पारी खुसखुशीत होते.

प्रश्न: वडिलांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या 'शुगर फ्री' कुकीज आणल्या तर चालतील का, की साखरेऐवजी गोळ्यांची पावडर घालून घरीच कराव्यात?
— एक वाचक, हडपसर

उत्तर: पाकीट उलटे करून पाहावे. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. 'शुगर फ्री' कुकीजच्या बहुतेक पाकिटांवर पहिले नाव मैद्याचे आणि त्यामागोमाग एखाद्या वनस्पतीजन्य मेदाचे असते. मैद्याचे पिष्ट पोटात गेल्यावर त्याचीही ग्लुकोजच होते. त्यामुळे 'साखर शून्य' या ओळीपेक्षा 'एकूण कर्बोदके' ही ओळ अधिक उपयोगाची आहे. साखरेच्या जागी माल्टिटॉलसारखे पदार्थ असतील तर त्यांनीही रक्तातील साखर काही प्रमाणात वाढते, आणि अधिक खाल्ल्यास पोट फुगते किंवा जुलाब होतात.

घरच्या कुकीत कृत्रिम गोडी घालण्याचा आग्रह मी धरणार नाही. साखर कुकीला नुसती गोड करत नाही. पीठ पत्र्यावर पसरणे, कड कुरकुरीत होणे, सोनेरी रंग येणे ही सगळी कामे तीच करते, आणि चिमूटभर पावडर ती कामे करू शकत नाही. ॲस्पार्टेमची गोडी तर उष्णतेने कमी होते. त्यापेक्षा कर्बोदकेच कमी असलेली कुकी करावी. १०० ग्रॅम बदामाची जाडसर पूड, मंद आचेवर भाजून गार केलेले ५० ग्रॅम डाळीचे पीठ, ४० ग्रॅम तूप, ३० ग्रॅम पिठीसाखर, वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ यांच्या अठरा लहान कुकीज होतात. प्रत्येकीत दोन ग्रॅमहून कमी साखर येते. बदाम महाग पडत असतील तर निम्मा दाण्याचा कूट चालतो. वडिलांनी एक-दोन कुकीज जेवणानंतर घ्याव्यात आणि त्या जेवणात अर्धी पोळी कमी करावी. ते इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असतील तर जेवणातील असे बदल आणि औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

साखर कमी केली की चव कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न अनेकांना पडतो. युरोपातील नाताळच्या जुन्या कुकीज या बाबतीत आपल्याला बरेच शिकवतात. जर्मनीतील न्युरेंबर्गच्या प्रसिद्ध लेबकुखेनमध्ये दालचिनी, लवंग, वेलची असे मसाले आणि सुकामेवा भरपूर असतो. त्यांतील 'एलिझेन' या उत्तम प्रतीत तर किमान २५ टक्के बदाम, अक्रोड किंवा तत्सम मेवा असावा आणि पीठ १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियमच आहे. नाताळचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो मसाल्यांचा आहे, आणि हे मसाले तर आपल्याच डब्यात आहेत. ताजी कुटलेली वेलची, किसलेले जायफळ आणि संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी कीस घातला की तीस टक्के कमी साखरेची कुकीही गोड वाटते.

प्रश्न: घरात लहान मुले असल्याने प्लम केकमध्ये रम घालायची नाही. सुकामेवा कशात भिजवावा? आणि केकमधील साखर किती कमी करता येईल?
— एक वाचक भगिनी, कॅम्प

उत्तर: रम टाळण्याचा आपला निर्णय मला पटतो. भाजताना मद्य पूर्ण उडून जाते, असे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. तासभर भाजल्यानंतरही त्यातील सुमारे चौथा हिस्सा शिल्लक राहू शकतो, आणि भाजून झाल्यावर केकवर जी रम शिंपडतात ती तर सगळीच राहते.

डिसेंबरात पुण्याच्या बाजारात नागपुरी संत्री भरपूर असतात. त्यांचा ताजा रस कोमट करून त्यात काळ्या मनुका, बेदाणे, बिया काढलेला खजूर, सुके अंजीर आणि जर्दाळू बारीक चिरून घालावेत, वर दालचिनीचा तुकडा आणि दोन लवंगा टाकाव्यात. पुरंदरच्या अंजिरांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, परंतु केकसाठी सुकेच अंजीर घ्यावेत, ताज्यांचे पाणी केकला जड करते. एक काळजी अवश्य घ्यावी. रममध्ये मेवा महिनोन्महिने टिकतो तो मद्यामुळे. रसात तो आंबतो. म्हणून भिजवलेला मेवा फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत वापरावा. टुटी-फ्रुटी मात्र गाळावी, कारण ती म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेली, रंगवलेली कच्ची पपई असते. सुक्या क्रॅनबेरीतही बहुधा साखर घातलेली असते.

मेव्यातच इतकी साखर असते की वरून घालायची साखर निम्मी केली तरी केक गोड होतो. नेहमीच्या कृतीत २०० ग्रॅम साखर असेल तर १०० ग्रॅम घ्यावी. त्यातील तीन मोठे चमचे कोरड्या पातेलीत गडद तपकिरी होईपर्यंत वितळवून त्यात जपून गरम पाणी ओतावे. केकला काळसर रंग आणि किंचित कडवट, खोल चव त्यानेच येते. पाणी ओतताना वाफ जोरात उसळते, म्हणून मुलांना ओट्यापासून लांब ठेवावे. पीठ निम्मे मैदा आणि निम्मी कणीक घ्यावे. संपूर्ण कणकेचा प्लम केक होतो, पण तो जड बसतो, आणि सणाचा केक कुणी एक घास खाऊन बाजूला ठेवू नये असे मला वाटते. हा केक बाहेर दोन-तीन दिवस आणि फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो.

प्रश्न: नात दहा महिन्यांची आहे आणि नातू चार वर्षांचा. दोघांसाठी मध घालून कुकीज कराव्यात का? वर रंगीत आयसिंग आणि चंदेरी गोळ्या लावायच्या आहेत.
— एक आजी, औंध

उत्तर: नातीला मध देऊ नये. एक वर्षाखालील बाळांना मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो आणि त्याचे बीजाणू घरच्या ओव्हनच्या उष्णतेने मरत नाहीत, म्हणून भाजलेल्या कुकीतलाही मध नको. तिच्यासाठी वेगळी कुकीच नको. पिकलेल्या केळ्यात शिजवलेली नाचणी कालवून द्यावी, तिचा नाताळ त्यात गोड होईल. नातवाच्या कुकीत बदाम-काजूचे अख्खे तुकडे घालू नयेत. पाच वर्षांखालील मुलांच्या घशात ते अडकण्याची भीती असते, म्हणून मेवा पूड करून घालावा. चंदेरी गोळ्याही त्याच कारणासाठी टाळाव्यात.

आयसिंगऐवजी असे करून पाहावे. जाड कागदावर चांदणी काढून ती नातवालाच कापू द्यावी, कापलेला कागद गार कुकीवर ठेवावा आणि चहाच्या गाळणीतून अर्धा चमचा पिठीसाखर वरून भुरभुरावी. कागद उचलला की पांढरी चांदणी उमटलेली असते. अर्ध्या चमच्यात सात-आठ कुकीज सजतात आणि काम मुलाच्या हातचे होते. कच्चे पीठ मात्र त्याला चाटू देऊ नये. अंडे घातलेले नसले तरी कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात.

प्रश्न: आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरमध्ये मीठ घालून कुकीज भाजता येतात असे ऐकले आहे. आम्ही अंडेही खात नाही.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: भाजता येतात, परंतु रोजच्या वापराचा कुकर रिकामा तापवून खराब करू नये. जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेले घ्यावे, तळाशी दोन वाट्या जाडे मीठ पसरावे, त्यावर स्टँड ठेवून झाकण लावावे आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. कुकरच वापरायचा असेल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढलेल्या असल्याच पाहिजेत. कुकीजची ताटली आत ठेवल्यावर आच मंद करावी. अठरा ते बावीस मिनिटे लागतात. इथे उष्णता खालून येते, त्यामुळे वरचा रंग फिका राहतो आणि त्या रंगाची वाट पाहत बसल्यास तळ करपतो. पंधरा मिनिटांनी एक कुकी उचलून तळ पाहावा आणि तिथूनच अंदाज घ्यावा. कोथरूडच्या भगिनींना दिलेले प्रमाण बिनअंड्याचेच आहे, ते आपल्यालाही चालेल.

प्रश्न: आमच्या सोसायटीत दर नाताळात सगळे मिळून मुलांना कुकीज वाटतो. यंदा एका मुलीला सीलिॲक आजार असल्याचे निदान झाले आहे. तिच्यासाठी ज्वारीच्या किंवा ओट्सच्या कुकीज केल्या तर पुरे ना?
— एक वाचक भगिनी, बाणेर

उत्तर: पीठ बदलणे पुरेसे नाही. सीलिॲक असलेल्या व्यक्तीला गव्हाचा अंशही अपाय करतो. आपल्याकडे ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाही, यावरून आपण किती सूक्ष्म प्रमाणाविषयी बोलत आहोत ते लक्षात यावे. गिरणीत आपल्या ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि त्याचे पीठ जात्यातच असते, म्हणून गिरणीची ज्वारी या मुलीसाठी चालणार नाही. ज्वारी निवडून, धुऊन, कडक वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळावी, किंवा ग्लूटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेले पाकीट आणावे. साध्या ओट्समध्येही गव्हाची भेसळ असू शकते. शिवाय त्या मुलीच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय ओट्स देऊच नयेत.

तीन भाग ज्वारी आणि एक भाग तांदळाची पिठी घेतली तर कुकी चांगली होते. बांधून ठेवायला ग्लूटेन नसते, म्हणून एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून तो चिकट लगदा घालावा. बेकिंग पावडरच्या डब्यावरील घटक वाचावेत. जिऱ्याची खारी बिस्किटे करणार असाल तर हिंग वगळावा, कारण बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. चाळणीच्या जाळीत, लाकडी पोळपाटाच्या भेगांत आणि ज्या तुपाच्या डब्यात कणकेचा हात गेला असेल त्या तुपात गहू असतोच. म्हणून चाळणी नवी घ्यावी, गोळे स्टीलच्या ताटात स्वच्छ धुतलेल्या हातांनी वळावेत आणि तुपाची नवी बरणी उघडावी.

त्या दिवशी गव्हाचे पीठ ओट्यावर येण्यापूर्वी, सकाळी सर्वांत आधी, तिच्या कुकीज भाजाव्यात. पत्र्यावर नवा बटर पेपर घालावा. गार झाल्यावर त्या लगेच वेगळ्या डब्यात भरून त्यावर तिचे नाव आणि आतील सर्व जिन्नसांची यादी लिहावी, आणि तो डबा वाटपाच्या टेबलावर न ठेवता आधीच तिच्या आईच्या हाती द्यावा. शक्य झाल्यास त्याच कुकीज सगळ्या मुलांसाठी कराव्यात. ज्वारीची कुकी तीळ लावून भाजली तर मुले ती आवडीने खातात, आणि मग त्या मुलीला आपला डबा वेगळा का, असे कुणाला विचारावे लागणार नाही.